यादीत सगळ्यात वर

नेपरव्हिल
२० ऑक्टोबर २०२४

आसावरीताई,

आधीच सॉरी म्हणते. माझं शुद्धलेखन वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकणार, आणि मराठी टाइप करताना मला एकेक अक्षर शोधावं लागतं. हे पत्र मी परवा सुरू केलं होतं. हसायचं तर हस, पण माझ्या आईला फॉरवर्ड करू नको.

गणपतीत तू आली होतीस तेव्हा म्हणालीस ना, फोनवर आवाज निघत नसेल तर लिही, आणि मराठीत लिही. म्हणून लिहितेय. इंग्लिशमध्ये लिहायला लागलं की वर्गात उभं केल्यासारखं होतं.

मी तुझ्या घरी, तुझ्याच खोलीत राहते. तुझा तो हाडांचा चार्ट काढला नाही, त्याच्या खिळ्याला फक्त माझं जॅकेट अडकवते. सरला मावशीने शुगर लँडला माझ्या आईला सांगितलंय, "राहू दे वर्षभर माझ्याकडे, हवा बदलली की पोरगी बोलायला लागेल." हवा बदलली. तिथे घामाने पाठ भिजायची, इथे सकाळी हात गार पडतात. बोलणं आहे तेवढंच आहे.

काम बरं आहे. ग्रोसरी स्टोअरच्या बेकरीत मागच्या बाजूला केकवर नावं लिहिते. गिऱ्हाईक पुढे बोलतं, मागे माझ्याकडे फक्त चिठ्ठी येते. अकरावीनंतर शाळेत गेले नाही म्हटलं की लोकांना मोठं कारण पाहिजे असतं. वर्गात बोललं नाही तर मार्क कापायचे, मग मी जायचंच सोडलं. एवढंच आहे ते.

काल मंडळाची कोजागिरी झाली. शाळेच्या कॅफेटेरियात, चंद्र ढगात. दूध वाटायच्या आधी रवी काकांनी माइक घेतला आणि म्हणाले, "माझी मुलगी मार्चमध्ये सर्जन होऊन राहिली आहे."

मावशी खालून म्हणाली, "होणार नाही हो, शिकायला सुरुवात करणार."

"तेच ते," काका म्हणाले. टाळ्या.

मग मंडळाच्या सुचित्रा काकू, ज्यांना सगळ्यांच्या मुलांचे मार्क पाठ असतात, त्या म्हणाल्या, "कुठलं सर्जन? हार्ट की ब्रेन?"

काका म्हणाले, "ते अजून ठरायचंय." जसं काही दोन्ही आणून ठेवलंय आणि एक निवडायचंय.

गाडीत त्यांनी मला विचारलं, तो निकालाचा दिवस मार्चमध्ये कधी असतो, लोकांना बोलवायचंय. विचारून सांगते म्हटलं. म्हणजे मान हलवली. काय सांगू?

आणि ताई, गणपतीत सगळे सर्जन सर्जन करत होते तेव्हा तू मोदक घेऊन एकटीच बाहेर डेकवर जाऊन उभी राहिलीस. का?

नेत्रा


ॲन आर्बर
९ नोव्हेंबर

नेत्रा,

उशीर झाला. तुझ्या चुका माझ्यापेक्षा कमी आहेत. मी सात वर्षांची असताना इथे आले, माझं मराठी तेवढंच राहिलंय, त्यामुळे तूच हसू नको.

निकाल २१ मार्चला, शुक्रवारी. बाबांना सांग. लोक बोलवू नका असं पण सांग, पण ते तू सांगणार नाहीस आणि ते ऐकणार नाहीत.

डेकवर का गेले, सांगते. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही.

मी मेडिकलला लागले त्या उन्हाळ्यात बाबांची नोकरी गेली होती, आठवतं? मग मला स्कॉलरशिप मिळाली. आईने श्रीखंड केलं, चार घरी वाटलं. सगळ्यांना वाटलं मार्कांचं बक्षीस आहे. ते बक्षीस नाही, करार आहे. ते माझी चारही वर्षांची फी भरतात. बदल्यात मी शिकून झाल्यावर चार वर्षं अशा गावात काम करायचं जिथे डॉक्टर टिकत नाही. आणि पुढचं शिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, त्यांच्या यादीतल्याच विषयात करायची. फॅमिली मेडिसिन, लहान मुलं, बाळंतपणं, मानसिक आजार, असे चार-पाच विषय आहेत. सर्जरी त्यात नाही. मोडलं तर तिप्पट परत द्यायचं. मी बावीस वर्षांची होते गं, बाबा दिवसभर पायजम्यात बसलेले असायचे. त्या वेळी मी कशावरही सही केली असती.

मग तिसऱ्या वर्षी सर्जरी बघितली. आवडली. ऑपरेशन चालू असताना कोणी आपल्याला काही विचारत नाही, ते फार बरं वाटतं.

मी दोन्हीकडे अर्ज केलेत. आता मुलाखती चालू आहेत, सगळ्या कॉम्प्युटरवर, वर कोट आणि खाली पायजमा. मार्चच्या सुरुवातीला एक यादी द्यायची, कुठे जायचंय ते क्रमाने. हॉस्पिटलंही त्यांची यादी देतात, कॉम्प्युटर जुळवतो, आणि जे निघेल तिथे जावंच लागतं. सगळ्यात वर सर्जरी लिहिली तर करार मोडतो. फॅमिली मेडिसिन लिहिलं तर बाबांनी माइकवर सांगितलेलं मोडतं.

कोणाला बोलू नको. तू बोलत नाहीस म्हणून तुला सांगतेय असं नाही. थोडंसं तसं आहे.

आसावरी


नेपरव्हिल
१ डिसेंबर

ताई,

तू थँक्सगिव्हिंगला आली नाहीस. मावशीने तुझ्यासाठी केलेली गाजराची वडी फ्रीझरमध्ये आहे. काका दोन खाऊन गेले, मी मोजल्या नाहीत असं सांगितलं.

आम्ही सुचित्रा काकूंकडे जेवायला गेलो. त्यांचा भाचा देवांग आहे ना, न्यू जर्सीचा, त्याने फॅमिली मेडिसिन घेतलं म्हणे. काकू ते असं हळू आवाजात सांगत होत्या जसं त्याला पोलिसांनी पकडलंय.

मावशी म्हणाली, "अरेरे. पुढचं काही मिळालं नाही का त्याला?"

काकू म्हणाल्या, "फॅमिली डॉक्टर म्हणजे शेवटी आपल्याकडचं नुसतं एमबीबीएसच ना गं. जिना चढून वर दवाखाना, खाली औषधाचं दुकान, लाल औषध बाटलीत भरून द्यायचं. एवढ्यासाठी अमेरिकेत यायचं?"

काका म्हणाले, "प्रयत्न केला नसेल पोराने."

मी पुऱ्या घेऊन उभी होते. मी फोनवर शोधून वाचलं होतं, इथे त्याच्यासाठी पण वेगळी तीन वर्षं शिकावं लागतं, ते उरलेलं नाही, निवडलेलं असतं. ते सांगावंसं वाटलं. तोंडात पुरी होती, एका परीने बरं झालं.

ताई, तू लिहिलंस काय काय मोडेल. तुला काय पाहिजे ते लिहिलं नाहीस. सर्जरीच ना?

मला जो तो विचारतो, पुढे काय. मला काहीच माहीत नाही. तुला तर कितव्या वर्षापर्यंत काय करायचं ते सगळं कागदावर लिहून मिळालंय. दोन्हीचा थकवा सारखाच असतो का? की तुझा जास्त?

शाळा पुरी केल्याच्या बरोबरीची एक परीक्षा असते, बाहेरून देता येते. मावशीने पुस्तक आणून टेबलावर ठेवलंय. मी त्याच्यावर चहाचा कप ठेवते.

नेत्रा


पुलापलीकडून
२९ डिसेंबर

नेत्रा,

मी मिशिगनच्या पार वरच्या टोकाला आहे, मोठा पूल ओलांडून पलीकडे. स्कॉलरशिपवाल्यांची अट असते, एक महिना अशा गावात काढायचा. आईला सांगितलं ख्रिसमसला ड्यूटी आहे. ड्यूटी नव्हती. मी इथेच राहिले.

गावात एक पेट्रोल पंप, एक शाळा, एक चर्च, एक छोटं हॉस्पिटल. तळं इतकं मोठं की समुद्रच वाटतं, कडेने गोठलंय. मी ज्यांच्या हाताखाली आहे त्या डॉक्टर कॅरल. पासष्टीच्या असतील, केस स्वतःच कापतात, आणि ते दिसतं. पहिल्या दिवशी एक माणूस आला, तळहातात मासे धरायचा गळ घुसलेला. कॅरल त्याच्याशी त्याच्या मुलीच्या घटस्फोटाबद्दल बोलत राहिल्या आणि बोलता बोलता गळ बाहेर. त्याला कळलंच नाही. मग मला म्हणाल्या, "आता टाके तू घाल. घाई करू नकोस, याला घरी जायचं नाहीये." आणि खरंच, तो टाके झाल्यावरही बसून राहिला.

सर्जन इथे महिन्यातून दोनदा येतो. बाकी दिवस सिझेरियनसुद्धा कॅरलच करतात, त्या ते जास्तीचं शिकून आल्यात. गेल्या आठवड्यात बर्फाने रस्ता बंद, आणि एक बाई आली, बाळ आडवं. मी समोर उभी राहून मदत केली. बाळ बाहेर आलं तेव्हा नर्स, जी त्या बाईची चुलत नणंद निघाली, ती म्हणाली, नाक आमच्याकडचं आहे. इथे सगळे एकमेकांचे कोणीतरी असतात.

पेट्रोल भरत होते तर एका आजोबांनी मला थांबवून, एवढ्या थंडीत शर्ट वर करून पाठीवरचा तीळ दाखवला. दुसरे एक आजोबा बीपी बघायला दर सोमवारी येतात, बीपी चांगलंच असतं. त्यांच्या बायकोला आता कोणी ओळखू येत नाही. कॅरल बीपी बघतात आणि विचारतात, जेवण कोणी केलं? ते सांगतात. एवढंच. एकाने मला धुरी दिलेला मासा दिला. मी तो तिखट-मीठ लावून परतला, नर्सने खाल्ला आणि पाण्याचे तीन ग्लास प्यायली.

रोज संध्याकाळी इतकी दमते की बूट काढायचा कंटाळा येतो. पण झोप लागते.

आता खरी बातमी. ख्रिसमसच्या दिवशी बाबांना फोन केला आणि सांगून टाकलं. म्हटलं, बाबा, माझ्या स्कॉलरशिपला अट आहे, चार वर्षं खेड्यात काम करायचं, आणि सर्जरी त्यात बसत नाही. त्यांनी परत विचारलं, किती वर्षं म्हणालीस? मग म्हणाले, "एवढंच ना? हरकत नाही. तू काळजी नको करू बेटा, मी आहे."

एवढंच म्हणाले! मी फोन ठेवून गाडीत बसून रडले. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते?

आसावरी


नेपरव्हिल
८ जानेवारी २०२५

ताई,

हे पत्र मी चारदा खोडलं. तू इतक्या आनंदात लिहिलं होतंस.

काका तुझा फोन आल्यापासून खूश आहेत, पण तुला वाटतं तसे नाही. ते सगळ्यांना सांगतात, "बॉण्ड आहे गं, बॉण्ड! मला वाटलं काय आणि काय." नागपूरला त्यांचे भाऊ, तुझे मनोहर काका, डॉक्टर झाले तेव्हा त्यांना पण सरकारचा बॉण्ड होता, एक वर्ष खेड्यात जायचं. ते गेले नाहीत. पैसे भरले आणि सुटले. "आमच्याकडे कोणीच जात नव्हतं. बॉण्ड भरायसाठीच असतो," असं काका म्हणतात. त्यांना वाटतं इथेही तसंच. भरायचं, सुटायचं, तू सर्जन.

आता माझं. रविवारी मी मेथी निवडत होते. काका समोर येऊन बसले. म्हणाले, "नेत्रा, ती तुला लिहिते ना? खरं सांग मला. तिला सर्जरीच करायची आहे ना? फक्त या बॉण्डपायी अडली आहे ना पोरगी?"

मी मान हलवली.

"बस," काका म्हणाले. "एवढंच पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी घर विकणारी एजंट बाई आली. घर विकून, बॉण्ड भरून, दोघं छोट्या अपार्टमेंटमध्ये जाणार. मावशीने वरच्या कपाटातली पितळेची भांडी काढली, पुसली, आणि परत तिथेच ठेवली.

मला वाटलं तुला माहीत पाहिजे.

नेत्रा


ॲन आर्बर
१५ जानेवारी

नेत्रा,

मान हलवलीस?

तुला मी एकटीला सांगितलं होतं. कोणाला बोलू नको म्हटलं होतं. मान हलवणं म्हणजे बोलणंच असतं, हे तुला कळत नाही असं मला दाखवू नको.

आता बाबा घर विकणार. मी वर सर्जरी लिहिली तर त्यांच्या घरावर उभी राहून शिकणार. नाही लिहिली तर ते म्हणणार, मी घर विकायला काढलं तरी हिने ऐकलं नाही. मी कुठे जाऊ?

तुझं बरं आहे. आवडलं नाही की सोडून द्यायचं, आणि मावशीकडे जाऊन केक रंगवायचे. आम्हाला तसं करता येत नाही.

आसावरी


नेपरव्हिल
१७ फेब्रुवारी

ताई,

महिनाभर लिहिलं नाही. रागावले होते, मग राग गेला, मग कंटाळा आला, मग बर्फ पडलं.

घराबाहेर विक्रीचा बोर्ड लागलाय. शनिवारी-रविवारी लोक घर बघायला येतात, तेव्हा आम्ही तिघं गाडीत बसून टार्गेट दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबतो. एजंट बाई म्हणाली, देवघर कपाटात ठेवा, भिंतीवरचे फोटो उतरवा, आणि फोडणी अजिबात देऊ नका, वास भिंतीत बसतो. म्हणून मावशी गॅरेजमध्ये इंडक्शनवर वरणाला फोडणी देते, अंगात कोट, दार अर्धं उघडं. काल तिची मोहरी वाऱ्याने उडाली. ती हसायला लागली आणि मग हसता हसता तिने डोळे पुसले. मी पातेलं धरलं.

काका दमलेत. ऑफिसमधून येतात, बेसमेंट रंगवतात. कंबर धरून चालतात. पण कोणी विचारलं की म्हणतात, "पोरीसाठी काय, एवढं तर करावंच लागतं." त्यांना सुख होतंय ते करताना. म्हणून थांबवता येत नाही.

तू जे लिहिलंस, आवडलं नाही की सोडायचं. मला शाळा आवडायची. हे तुला माहीत नव्हतं म्हणून सांगते. भूगोल सगळ्यात जास्त.

बाकी काम नव्हतं म्हणून तुझी पत्रं परत वाचली. आणि मला एक दिसलं. सर्जरीबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, आणि त्यात काय आवडतं तर कोणी काही विचारत नाही, हे. ते मला कळतं. मला पण बेकरीत तेच आवडतं. पण ते काम आवडणं नाही ताई, ते दमणं आहे.

आणि त्या पुलापलीकडच्या गावाबद्दल तू इतकं लिहिलंस की मला फोनवर स्क्रोल करून करून बोट दुखलं. गळ, नाक, तीळ, सोमवारचे आजोबा. तुला कोणी तरी सतत काही विचारत होतं आणि तुला झोप लागत होती.

मग मला वाटलं, काकांनी विचारलं तेव्हा मी चुकीची मान हलवली. तू मला कधी लिहिलंच नव्हतंस की तुला सर्जरी पाहिजे. मी तुला विचारलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस, तू गाव लिहिलंस.

कदाचित माझं चुकत असेल. मी अकरावी पास आहे.

नेत्रा


ॲन आर्बर
३ मार्च

नेत्रा,

मी घरी आले त्या शनिवारी तू कामावर होतीस. म्हणून घरी काय झालं ते लिहिते. शाळेबद्दल जे लिहिलं ते मी लिहायला नको होतं. भूगोलाचं मला खरंच माहीत नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले. मग गाडी काढली आणि न सांगता घरी आले. बाबा बेसमेंटमध्ये रंगाचा ब्रश धुवत होते. आई गॅरेजमध्ये. मी बाबांना गॅरेजमध्ये घेऊन गेले, कारण घरात बसलं तर एजंट बाईचं घर वाटत होतं.

मी म्हटलं, "बाबा, हे भरायला तिप्पट लागतं. घर जाईल, आणि वर तुम्ही सत्तरीपर्यंत काम कराल."

"करीन ना. मला काय धाड भरली आहे? मनोहरने भरलाच ना. काय झालं त्याला? काही नाही झालं."

"मनोहर काकांना काही नाही झालं. त्या गावाचं काय झालं?"

"कोणत्या गावाचं?"

"जिथे ते जाणार होते."

नेत्रा, बाबांच्या हातात अजून तो ब्रश होता, तो त्यांनी खाली ठेवला. त्यांना खरंच कधी सुचलं नव्हतं की बॉण्डच्या दुसऱ्या टोकाला एखादं गाव असतं. म्हणाले, "नाव पण आठवत नाही. गडचिरोलीकडे कुठेतरी होतं."

मग मी त्यांना कॅरलबद्दल सांगायला लागले. मला वाटलं दोन मिनिटं सांगेन. आई मध्येच म्हणाली, "आसावरी, वरण तीनदा गरम केलं मी."

मग बाबांनी विचारलं, "तुला सर्जरी नको आहे का मग?"

हेच मला कोणी विचारू नये म्हणून मी डेकवर जात होते. सर्जरी नकोय असं नाही गं. हात चालतो माझा, मला तो आवाज आवडतो, ती शांतता आवडते. ते खोटं नव्हतं. पण मला सर्जन व्हायचं होतं आणि होऊ दिलं नाही, हे लोकांना सांगायला सोपं आहे. लोक अरेरे म्हणतात. मला फॅमिली डॉक्टरच व्हायचंय, हे आपल्या घरात मोठ्याने म्हणायची मला लाज वाटते. अजून वाटते. आत्ता लिहिताना पण मागे वळून बघितलं.

बाबांना मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "तुझ्या आईला विचार, मला काही कळेनासं झालंय." आई म्हणाली, "मला विचारायचं होतं तर बोर्ड लावायच्या आधी विचारायचं." आणि ती आत गेली. सरळ स्वयंपाकघरात. खाडकन गॅस लावला आणि फोडणी दिली.

यादी आज देते आहे. सगळ्यात वर काय लिहिलं ते बाबांना सांगणार नाही, तुलाही नाही. एकदा तरी कोणाच्या मानेकडे न बघता काहीतरी करून बघते.

खूप दमलेय. तू लिहीत राहा.

आसावरी


नेपरव्हिल
२२ मार्च

ताई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी मागे उभी होते, पण तू घाईत होतीस आणि सगळे एकदम बोलत होते. म्हणून आता नीट सांगते, तुझा फोन यायच्या आधी आणि नंतर काय झालं.

काकांनी लोक बोलवायचे नाहीत म्हणून फक्त सुचित्रा काकूंना बोलावलं होतं, आणि त्या स्वतःहून आणखी तिघींना घेऊन आल्या. ढोकळ्याचा ट्रे आणला होता. काकांनी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घातला होता. मावशी सारखी म्हणत होती, "जे येईल ते येईल," आणि एकच टेबल पुसत होती.

मग तुझा फोन आला. फॅमिली मेडिसिन, पुलापलीकडे, यादीतलं पहिलंच. तू पहिलंच हे दोनदा म्हणालीस. मी ऐकलं.

फोन ठेवल्यावर मावशीने तेच टेबल परत पुसलं. सुचित्रा काकू म्हणाल्या, "म्हणजे सर्जरीची सीट नाही का मिळाली?"

मावशी म्हणाली, "मागितलीच नव्हती वर."

"अगं पण फॅमिली म्हणजे..."

तेव्हा काका उठले. मला वाटलं आता ते खाली जाऊन रंगवायला लागतील. पण ते म्हणाले, "सुचित्रा वहिनी, त्या गावात सर्जन नाही. महिन्यातून दोनदा येतो तो. बाकी दिवस कोण करतं? हीच करेल. टाके हीच, सिझेरियन हीच, हाडं हीच. तुमचे हार्टवाले आणि ब्रेनवाले इथे एकेक गल्लीत दहा पडले आहेत. अख्ख्या गावाला एकटी कोण पुरेल, सांगा."

ताई, त्यांनी सगळं चुकीचं सांगितलं. तू अजून तीन वर्षं शिकणार, कॅरल आहेत, हाडांचं तू कधीच काही लिहिलं नाहीस. आणि मला माहीत आहे, पुढच्या कोजागिरीला ते हेच माइकवर सांगणार. पण प्रत्येक 'हीच' म्हणताना ते टेबलावर बोट आपटत होते. त्या तिघींपैकी एक म्हणाली, "हो का," आणि ढोकळा वाढायला लागली.

सगळे गेल्यावर मी बाहेर गेले तर काका विक्रीचा बोर्ड उपटत होते. खांब निघेना. मी पण धरला. दोघांनी हलवून हलवून काढला, खड्डा राहिलाय. काका खड्ड्याकडे बघत म्हणाले, "नेत्रा, तुला काय वाटतं, ती सुखी राहील का तिकडे? थंडी किती आहे."

या वेळी मी मान हलवली नाही. मी म्हटलं, "दमेल खूप. पण झोप लागेल, काका."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं बोर्डच बोलला. मग म्हणाले, "तिला सांग, बर्फाचे टायर आत्ताच घेऊन ठेव, नंतर मिळत नाहीत."

तर घेऊन ठेव. मावशी विचारते आहे, तिकडे कढीपत्ता मिळतो का. मला अजून पुढे काय ते माहीत नाही, पण आता कोणी विचारलं की तसंच सांगते, तोंडाने. पुस्तकाचं पहिलं पान वाचलं, मग कंटाळा आला. परत वाचीन.

थांब, आत्ता आईचा मेसेज आला शुगर लँडहून. आमच्या कॉलनीच्या तळ्यातली मगर आज सकाळी शेजारच्या गुरुनाथ काकांच्या गॅरेजमध्ये बसलेली सापडली. फोटो पाठवलाय. गुरुनाथ काका गाडीच्या टपावर उभे आहेत, लुंगीत, हातात झाडू.

नेत्रा